गिझरचा लाल दिवा : एका घराच्या विद्युत तपासणीचे प्रकरण

हे प्रकरण एका दुमजली घराचे आहे. तळमजल्याचे वायरिंग सुमारे ३० वर्षांपूर्वीचे, वरचा मजला त्यानंतर बऱ्याच काळाने चढवलेला, आणि मीटरजवळची वितरण पेटी, म्हणजे डीबी, ६ वर्षांपूर्वी नवी बसवलेली. या पेटीत जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे धारा प्रमाणाबाहेर वाढली की आपोआप पडणारे स्विच, आले आणि सगळ्या घरासाठी मिळून ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे धारा गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आला. घरात एक वयस्कर जोडपे राहते. मला तपासणीसाठी बोलावले ते किरकोळ वाटणाऱ्या एका तक्रारीवरून. वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येत, आणि कधी कधी वरच्या बाथरूमच्या नळालाही तसेच जाणवे. हे 'कधी कधी' गृहस्थांच्या बोलण्यात दोनदा आले. मी ते टिपून ठेवले, पण त्याचा अर्थ दुपार उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आला नाही.

माझ्या आधी दोन वायरमन येऊन गेले होते. पहिल्याने मशीनला टेस्टर लावला, दिवा मंद पेटलेला पाहिला आणि 'थोडा रिटर्न येतो आहे' असे सांगून प्लग बदलला. दुसऱ्याने मशीनच्या मोटरमध्ये ओल शिरली असावी असा तर्क केला. टेस्टरच्या निऑन दिव्याला पेटण्यासाठी अत्यल्प विद्युतधारा पुरते, त्यामुळे पत्र्यावर काहीतरी व्होल्टेज आहे एवढेच त्यावरून समजते. त्यामागे माणसाला धोका पोहोचवण्याइतकी धारा देण्याची ताकद आहे की नाही, हे टेस्टर सांगू शकत नाही. प्रकरणाचा सारा निकाल मात्र याच प्रश्नावर अवलंबून होता.

गृहस्थ स्वतः काळजी घेणारे होते. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबत, तो खटकन पडे, आणि सगळे ठीक आहे असे समजून ते तो पुन्हा वर करत. बहुतेक घरांत हे बटण वर्षानुवर्षे कोणी दाबत नाही, म्हणून त्यांची ही सवय चांगलीच म्हटली पाहिजे. तरीही ते बटण नेमके काय तपासते हे इथे सांगणे भाग आहे. आरसीसीबीच्या आत एक लोहकडे असते आणि त्यातून फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जाणारी आणि परत येणारी धारा सारखी असेल, तर कड्यात चुंबकीय फरक उत्पन्न होत नाही. काही धारा वाटेत जमिनीकडे गळाली, तर तो उत्पन्न होतो आणि यंत्रणा सुटते. चाचणीचे बटण दाबले की पेटीतल्याच एका लहान रोधकामधून थोडी धारा कड्याला वळसा घालून नेली जाते आणि गळतीचे सोंग घेतले जाते. या साऱ्या खेळात घराच्या अर्थिंगचा काहीही संबंध येत नाही. अर्थिंगची तार मुळातच नसलेल्या घरातही ते बटण तितक्याच तत्परतेने काम करील.

पहिली पाहणी

उपकरणे हातात घेण्यापूर्वी मी घर नुसते पाहतो आणि घरातल्यांशी बोलतो. या बोलण्यातून पुष्कळदा मीटरच्या आकड्यांपेक्षा अधिक हाती लागते. पाहणीत तळमजल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या. इस्त्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉकेटचे एक छिद्र तपकिरी पडले होते, आणि एअर कंडिशनरच्या सर्किटवर ३२ अँपिअरचा एमसीबी होता, तर त्यातून निघालेली तार २.५ चौरस मिलिमीटरची होती. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

बोलण्यात मी नेहमीचा प्रश्न विचारला, की आरसीसीबी आपोआप कधी पडतो का. गृहस्थांनी सांगितले की ३ वर्षांपूर्वी तो जवळजवळ रोज सकाळी पडत असे, मग एका वायरमनने 'दुरुस्ती' केली आणि त्यानंतर तो एकदाही पडलेला नाही. ते हे समाधानाने सांगत होते. नेमका कोणता भाग बदलला, हे त्यांना आठवत नव्हते. एखादा संरक्षक वारंवार पडत असेल आणि कोणताही सदोष भाग न बदलता पडायचा थांबला असेल, तर दोष गेला की संरक्षण गेले, हे पाहावे लागते. मी तशी नोंद केली आणि मोजमापाकडे वळलो.

पुरवठा बंद ठेवून केलेल्या चाचण्या

मेन स्विच बंद करून, तो कोणी चुकून चालू करणार नाही अशी व्यवस्था करून, आणि तारांवर खरोखर व्होल्टेज नाही याची खात्री करून (ज्या मीटरने खात्री करायची तो आधी आणि नंतर चालू जागेवर तपासून घेणे यातच आले) पहिली चाचणी केली ती अर्थिंगच्या सलगतेची. डीबीतल्या अर्थ पट्टीपासून प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या पिनपर्यंत तार अखंड आहे का, हे २०० मिलिअँपिअर धारा सोडून मोजतात. ही चाचणी सर्वांत आधी घेण्याचे कारण साधे आहे. पुढच्या अनेक चाचण्यांचे आकडे अर्थची तार शाबूत आहे असे गृहीत धरूनच वाचले जातात, आणि ते गृहीतकच खोटे असेल तर चांगले दिसणारे आकडेही फसवतात.

तळमजल्यावर सगळीकडे ०.१५ ते ०.४५ ओहम असे रोध आले, म्हणजे तार अखंड होती. वरच्या मजल्यावर एकाही सॉकेटला सलगता मिळाली नाही. एखाद्या सॉकेटचा स्क्रू ढिला असता तर तेवढे एकच सॉकेट नापास झाले असते. इथे पूर्ण मजला अर्थपासून तुटलेला होता, म्हणजे वर जाणारी मूळ तारच कुठेतरी सुटली होती. मात्र वरच्या सॉकेटांच्या तिसऱ्या पिना एकमेकींशी उत्तम जोडलेल्या होत्या. मुळाशी तुटलेली, पण आपसांत घट्ट बांधलेली अर्थची जाळी काही वेळा अर्थ नसण्यापेक्षाही वाईट ठरते, याचे प्रत्यंतर पुढे आले.

इथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. फेज तुटली तर दिवा जातो, आणि न्यूट्रल तुटला तरी तेच. घरातला माणूस तासाभरात वायरमनला बोलावतो. अर्थची तार मात्र रोजच्या व्यवहारात कोणतेही काम करत नाही. ती तुटली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, मशीन कपडे धुते, आणि वीज वापरणाऱ्याला काहीही उणे भासत नाही. तिचे काम फक्त ज्या दिवशी उपकरणाच्या पत्र्याला फेज लागते त्या दिवशी असते. म्हणून तिची खबर घ्यायची तर ती मोजावीच लागते, आणि या घरात नवी पेटी बसवली तेव्हापासून कोणी ती मोजली नव्हती.

इन्सुलेशनची चाचणी त्यानंतर केली. सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि एलईडी दिवे काढून, ५०० व्होल्ट डीसी मेगरने प्रत्येक सर्किटच्या तारा आणि अर्थ यांच्यामधला रोध मोजला. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो निदान १ मेगाओहम असावा लागतो. बहुतेक सर्किटांचा ६० मेगाओहमच्या वर आला. तळमजल्याच्या एका शयनखोलीचा १.८ मेगाओहम आला. गिझर त्याच्या दोन्ही तारा तोडणाऱ्या डीपी स्विचने बंद केलेला असल्यामुळे या मोजणीत आलाच नाही, आणि मीही तो त्या वेळी वेगळा मोजला नाही.

११२ व्होल्टचे कोडे

पुरवठा पुन्हा चालू केल्यावर वॉशिंग मशीनचा पत्रा आणि खालून लांब तारेने वर आणलेली खात्रीची अर्थ यांच्यामध्ये मीटरने ११२ व्होल्ट दाखवले. त्या वेळी पुरवठ्याचे व्होल्टेज २२८ होते. जवळपास बरोबर निम्मा असलेला हा आकडा ओळखीचा आहे. आधुनिक उपकरणांत विद्युत गोंगाट रोखण्यासाठी एक फिल्टर असतो, त्यात फेज ते पत्रा आणि न्यूट्रल ते पत्रा असे दोन सारखे, काही नॅनोफॅरडचे कपॅसिटर जोडलेले असतात. पत्रा अर्थला जोडलेला असला तर त्यांतून झिरपणारी धारा मुकाट्याने जमिनीत जाते. अर्थ तुटलेली असली तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळत राहतो आणि त्यावर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज दिसते. कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा धरला, तर २२८ व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ०.७ मिलिअँपिअर धारा मिळू शकते. माणसाला साधारण ०.५ मिलिअँपिअरपासून धारेची जाणीव होते, म्हणजे एवढ्या धारेने झिणझिण्या येतात, पण इजा होत नाही.

मीटर लो-झेड या स्थितीत, म्हणजे सुमारे ३ किलोओहमचा भार टाकून मोजण्याच्या स्थितीत, ठेवला तेव्हा ११२ व्होल्ट २ व्होल्टवर कोसळले. त्यामागे ताकद नाही हे सिद्ध झाले, मशीन निर्दोष ठरले, मोटरमधल्या ओलीचा तर्क निकालात निघाला, आणि तक्रारीचे कारण सापडले असे मला वाटले. अर्थची तार कुठे तुटली ते शोधून जोडली की काम संपणार होते. नळाच्या झिणझिण्यांचा खुलासा या स्पष्टीकरणात होत नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. एक उत्तर नीट बसले की दुसरा प्रश्न त्यातच मिटला असे मानण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो.

राहिलेली चाचणी आरसीसीबीची होती. तळमजल्यावरच्या सॉकेटला चाचणीयंत्र लावले. १५ मिलिअँपिअरला तो पडला नाही, आणि पडू नयेच. ३० मिलिअँपिअरला २४ मिलिसेकंदांत आणि १५० मिलिअँपिअरला १८ मिलिसेकंदांत पडला. मर्यादा अनुक्रमे ३०० आणि ४० मिलिसेकंदांच्या आहेत, म्हणजे यंत्र उत्तम होते. तेच चाचणीयंत्र वरच्या मजल्यावर लावले तेव्हा आरसीसीबी हललाही नाही, कारण गळती वाहून नेणारी वाटच तिथे नव्हती. अशा ठिकाणी आरसीसीबी अगदी निरुपयोगी होतो असे नाही. सदोष उपकरणाला माणसाने हात लावला की धारा त्याच्या शरीरातून जमिनीत जाते आणि आरसीसीबी पडतो. मात्र अर्थ असती तर दोष उत्पन्न होताच तो पडला असता. अर्थ नसेल तर पडण्यासाठी त्याला आधी माणूस लागतो.

जिन्यावरून आलेली हाक

खालच्या चाचणीच्या वेळी आरसीसीबी पडला आणि घर अंधारले, तेव्हा वरून काकूंची हाक आली, "लाइट गेले, पण गिझरचा दिवा चालूच आहे. बंद करू का?"

मी त्यांना वरची सॉकेटे आणि मशीन वापरू नका असे बजावले होते. गिझर सॉकेटवर नसून थेट जोडलेला असल्यामुळे त्याचे नाव मी घेतले नव्हते, ही माझी चूक होती. त्यांनी मधल्या वेळात पाणी तापवायला गिझर लावला होता. आरसीसीबी खाली पडलेला असताना घरातली एकही गोष्ट चालू राहता कामा नये, आणि तो लाल दिवा चालू होता. याचा अर्थ गिझरचे सर्किट आरसीसीबीच्या आधीच कुठेतरी जोडलेले होते.

गिझरला आणि मशीनला कोणीही हात लावू नये असे सांगून, मी गिझर चालू असतानाच मशीनच्या पत्र्यावरचे व्होल्टेज पुन्हा मोजले. मघाचे ११२ आता २२६ झाले होते. लो-झेड स्थितीत ते २ वर कोसळण्याऐवजी ५७ व्होल्टवर टिकले. पाणी तापून थर्मोस्टॅटने दिवा घालवला, तेव्हा ते जवळजवळ शून्यावर आले. पत्रा मशीनचा होता आणि दोष गिझरचा होता. दोघांना जोडणारी होती ती वरच्या मजल्याची मुळाशी तुटलेली अर्थची जाळी.

गिझर पूर्ण तोडून त्याची कॉइल आणि टाकी यांच्यामधला रोध मेगरने मोजला. तो ९ किलोओहम आला, म्हणजे ०.००९ मेगाओहम. (इतक्या कमी रोधावर मेगरचे ५०० व्होल्ट टिकत नाहीत, पण आकडा वाचता येतो.) कॉइलच्या आवरणाला फेजच्या टोकाजवळ तडा गेला असावा, कारण दिवा चालू असताना पत्र्यावर जवळपास पूर्ण व्होल्टेज येत होते.

या आकड्यांचा अर्थ असा. माणसाच्या ओल्या शरीराचा रोध ढोबळपणे १,५०० ओहम धरला आणि त्याने ओल्या फरशीवर उभे राहून गिझर तापत असताना मशीनला हात लावला, तर २२८ व्होल्ट भागिले १०,५०० ओहम, म्हणजे सुमारे २२ मिलिअँपिअर धारा त्याच्यातून गेली असती. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. धारा छातीतून जात राहिली तर श्वासाचे स्नायूही सापडतात. ही धारा गिझरच्या सर्किटमधून येणार असल्यामुळे आरसीसीबीच्या कड्याला ती दिसली नसती. त्या सर्किटच्या २० अँपिअरच्या एमसीबीला तर २२ मिलिअँपिअर म्हणजे काहीच नव्हे. पेटीत दोन्ही संरक्षक नीट चालू स्थितीत असताना त्या माणसाला सोडवणारे कोणी नव्हते.

मग ३ वर्षे काही घडले कसे नाही? सकाळी आंघोळी उरकल्या की काकू गिझर डीपी स्विचने बंद करत आणि त्यानंतर कपडे धुवायला लावत. गिझर आणि मशीन एकाच वेळी चालू असण्याचे प्रसंग त्यामुळे फार थोडे आले. नळाच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या पाइपने वाचवले. टाकीपासून नळापर्यंत १५ मिलिमीटर आतील व्यासाचा सुमारे २ मीटर पाइप आहे. पिण्याच्या साधारण पाण्याची वाहकता ५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर पाइपमधल्या पाण्याच्या स्तंभाचा रोध सव्वादोन लाख ओहमच्या आसपास येतो, आणि त्यातून जेमतेम १ मिलिअँपिअर धारा नळापर्यंत पोहोचते. झिणझिण्या येतात, त्यापुढे काही नाही. तोच पाइप लोखंडी असता तर हिशोब वेगळा झाला असता. गृहस्थांच्या 'कधी कधी'चा उलगडाही यातच होता. नळाला जाणवायचे ते फक्त गिझरचा दिवा लागलेला असताना.

दुरुस्ती नेमकी कोणती झाली होती

डीबीचे झाकण उघडल्यावर गिझरच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा आरसीसीबीच्या वरच्या, म्हणजे पुरवठ्याकडच्या बाजूला नेलेल्या आढळल्या. नुसती फेज हलवली असती तर परतीची धारा कड्यातून एकटीच गेली असती आणि आरसीसीबी टिकलाच नसता. ज्याने हे केले त्याला आरसीसीबी कसा चालतो हे ठाऊक होते, आणि त्याने ते जाणूनबुजून केले.

अर्थची तार कुठे आणि केव्हा सुटली, हे त्यानंतर जुळले. ३ वर्षांपूर्वी आरसीसीबी रोज सकाळी पडत होता, कारण गिझरची कॉइल गळू लागली होती आणि ती गळती अर्थच्या तारेने जमिनीत जात होती. ९ किलोओहमने २५ मिलिअँपिअर गळतात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. त्या वेळी वरच्या मजल्याची अर्थ जिवंत होती याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधून मिळणार नाही. म्हणजे तार तुटली ती त्यानंतर, किंवा त्या दुरुस्तीच्या वेळीच.

वर जाणाऱ्या सगळ्या तारा जिन्याच्या भिंतीतल्या एका जंक्शन बॉक्समधून जातात. तो उघडला. गिझरच्या दोन तारांचे जोड तिथे नव्याने बांधलेले, नव्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले होते. शेजारी अर्थच्या दोन तारांची टोके होती. एकेकाळी ती नुसती पिळून जोडलेली असावीत, कारण त्यांना अजून पीळ होता. तांबे काळे-हिरवे पडले होते आणि टोकांमध्ये बोटभर अंतर होते. गिझरच्या तारा ओढताना तो जुना पीळ सुटला असेल असा माझा अंदाज आहे. ज्याने तारा ओढल्या त्याने झाकण लावण्यापूर्वी सलगता तपासली नाही. त्या दिवसापासून आरसीसीबी पडायचा थांबला, आणि थांबायला दोन स्वतंत्र कारणे होती. त्यांपैकी कोणतेही एक पुरेसे होते, म्हणून दुसऱ्याचा कोणाला संशयही आला नाही.

त्या वायरमनला मी नुसता दोष देणार नाही. संपूर्ण घर एकाच आरसीसीबीवर टांगलेले असले की एका उपकरणाच्या गळतीने फ्रिजपासून दिव्यांपर्यंत सगळे बंद होते, ते रोज सकाळी होते, आणि घरची माणसे वायरमनला 'काहीही करा, पण हे थांबवा' असे सांगतात. तेव्हा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्रास देणारे सर्किट बाहेर काढणे, आणि तो केला जातो. पेटीची रचनाच अशी होती की कधीतरी कोणीतरी हे करणारच होते.

तळमजल्याचे दोष

एअर कंडिशनरच्या सर्किटचा प्रश्न सरळ होता. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाइपमधून नेलेली असताना परिस्थितीनुसार साधारण २० ते २४ अँपिअर वाहू शकते. एमसीबी त्याच्या अंकित धारेच्या १.१३ पट धारा तासभरही न पडता सोसतो. ३२ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ३६ अँपिअरपर्यंत तार मुकाट्याने तापत राहणार. पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते, त्यापलीकडे ते आधी मऊ पडते आणि काळाने ठिसूळ होते. शिवाय या सर्किटच्या टोकाला अर्थ लूपचा, म्हणजे दोषाच्या वेळी फेजमधून जाऊन अर्थमधून परतणाऱ्या धारेच्या पूर्ण वाटेचा, रोध ०.७९ ओहम आला. पत्र्याला फेज लागली तर २३० भागिले ०.७९, म्हणजे २९१ अँपिअर वाहतील. सी प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडण्याची हमी १० पट, म्हणजे ३२० अँपिअरलाच आहे. त्या जागी सी प्रकारचाच २० अँपिअरचा बसवला तर २०० अँपिअर पुरतात आणि तारही तिच्या मर्यादेत राहते. एका बदलात दोन्ही दोष मिटत होते, तसे ते मिटवले.

इस्त्रीच्या सॉकेटची गोष्ट सगळ्या घरांत असते. ढिल्या संपर्काचा रोध ०.३ ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर त्या मोहरीएवढ्या जागेत ३० वॅट उष्णता तयार होते. धारा मर्यादेतच असते, गळती नसते, म्हणून एमसीबी किंवा आरसीसीबी यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. नाकाला आणि डोळ्यालाच लागतो. सॉकेट आणि तारेचे जळके टोक बदलले.

अहवाल आणि दुरुस्ती

अहवालात दोषांच्या तीन पायऱ्या केल्या. गिझर आणि वरच्या मजल्याची अर्थ ही तत्काळ धोक्याची म्हणून त्याच क्षणी गिझरच्या तारा पेटीतून काढून ठेवल्या आणि वरच्या सॉकेटांचे एमसीबी बंद केले. एअर कंडिशनरचा एमसीबी आणि इस्त्रीचे सॉकेट हे लवकर दुरुस्त करायचे, आणि शयनखोलीचे इन्सुलेशन लक्ष ठेवायचे. भिंतीत बुजलेले जोड मी पाहू शकलो नाही, हेही स्वतंत्रपणे लिहिले. तपासणी कुठपर्यंत पोहोचली नाही ते न लिहिणारा अहवाल वाचणाऱ्याला नको तेवढा निर्धास्त करतो.

गृहस्थांना गिझर लगेच बंद ठेवणे जड गेले. इतकी वर्षे वापरतो आहोत, दोन दिवसांनी काय बिघडणार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी वाद घातला नाही. पेटीतल्या तारा काढण्यापूर्वी गिझर मी स्वतः चालू केला, मीटरचे एक टोक मशीनला आणि दुसरे खालून आणलेल्या अर्थच्या तारेला लावले आणि त्यांना आकडा वाचायला सांगितला. त्यांनी तो वाचला, आणि स्वतःच जाऊन डीपी स्विच पाडला.

दुरुस्तीत जंक्शन बॉक्समधली अर्थ नव्या तारेने आणि स्क्रूच्या टर्मिनलने जोडली, पीळ दिला नाही. गिझरची कॉइल बदलली. गिझरसाठी स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांचे काम करणारा एकच स्विच) बसवला, म्हणजे पुढे कधी कॉइल गळली तर फक्त गिझर बंद पडेल आणि कोणाला पुन्हा वळसा घालावासा वाटणार नाही. जुना आरसीसीबी एसी प्रकारचा होता, तो फक्त साध्या प्रत्यावर्ती गळतीलाच दाद देतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या मशीनच्या दोषात डीसी स्पंदांची गळती संभवते, म्हणून त्या जागी ए प्रकारचा घेतला.

दुरुस्तीनंतर सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. वरच्या सर्वांत दूरच्या सॉकेटपर्यंत अर्थचा रोध ०.३८ ओहम, तिथून आरसीसीबी पडण्यास २५ मिलिसेकंद, नव्या कॉइलचे इन्सुलेशन २०० मेगाओहमच्या वर, आणि गिझर व मशीन दोन्ही चालू असताना मशीनच्या पत्र्यावर १ व्होल्टपेक्षा कमी.

शयनखोलीच्या १.८ मेगाओहमवर मात्र आमचे एकमत झाले नाही. मानकाची मर्यादा १ मेगाओहम आहे, म्हणून सर्किट उत्तीर्ण आहे, असे गृहस्थ अहवालाकडे बोट दाखवून म्हणत होते, आणि अक्षरशः ते बरोबर होते. माझे म्हणणे असे होते की त्याच वयाची, त्याच बनावटीची शेजारची सर्किटे ६० च्या वर असताना हे एकटेच १.८ वर का आले, याला काहीतरी कारण असणार. त्या खोलीच्या खिडकीखालची भिंत ओलसर होती आणि तार तिच्यातूनच जात होती. ६ महिन्यांनी पुन्हा मोजू, एवढ्यावर आम्ही थांबलो. ६ महिन्यांनी ०.७ आले. पाइपमधून जुनी तार ओढून काढली तेव्हा खिडकीखालच्या हातभर भागात तिचे आवरण नखाने सुटत होते.